सोलापूरहून गोठा आणि धबधबा: नवख्यांसाठी एका दिवसाची फेरी

सोलापुरात बदली होऊन आलेला माणूस पहिल्या पावसाळ्यात हमखास विचारतो, "इथं जवळ धबधबा कुठं आहे हो?" आणि ऐकणारा सोलापूरकर आधी हसतो. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही आला तर आला. अशा मुलखात धबधबा विचारायचा म्हणजे काय! पण धबधबा आहे. हैदराबाद रस्त्यानं पन्नास किलोमीटरच्या आत, नळदुर्गच्या किल्ल्यात, बोरी नदीवर. जिल्हा धाराशिव, तालुका तुळजापूर, तरी सोलापूरकरांना तो आपलाच वाटतो. त्याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुभती जनावरं राखणारी गावं आणि वस्त्या आहेत. दोन्ही एका दिवसात होतं. फक्त क्रम चुकवायचा नाही: आधी गोठा, मग धबधबा. धबधबा दिवसभर तिथंच असतो. म्हैस धारेसाठी तुमची वाट बघत थांबत नाही.

कधी जायचं

कोकण, पुणे, नाशिककडून आलेली मंडळी सवयीनं जुलैत निघतात आणि कोरडा बंधारा बघून परततात. इथला हिशोब वेगळा आहे. सोलापूर भागात जून-जुलैचा पाऊस पेरणीपुरता. खरा पाऊस परतीचा, आणि सर्वाधिक पडतो तो सप्टेंबरात. नळदुर्गचं पाणी तर त्याहून एक पायरी पुढं अवलंबून आहे. किल्ल्याच्या वरच्या अंगाला बोरी नदीवर धरण आहे. ते भरून सांडव्यावरून पाणी सुटलं की मग किल्ल्यातला धबधबा जोरात चालू होतो. म्हणजे आज पाऊस झाला म्हणून उद्या धबधबा, असं गणित इथं बसत नाही. चांगल्या वर्षी गणपतीनंतर दसऱ्यापर्यंतचे दिवस धरा. वाईट वर्षी तो वाहतच नाही, आणि त्याला कुणाचाच इलाज नाही.

त्यामुळे निघण्याआधी चौकशी करायची. धरण भरल्याची बातमी सोलापूर-धाराशिवच्या दैनिकांच्या स्थानिक पानांवर हमखास येते, कारण ती नळदुर्गच्या पिण्याच्या पाण्याची आणि शिवाराचीही बातमी असते. नळदुर्ग, अणदूर बाजूचा कुणी ओळखीचा असेल तर एक फोन सगळ्यात भरवशाचा. विचारताना "धबधबा चालू आहे का?" एवढ्यावर थांबू नका. "धरण सांडतंय का? दोन्ही बाजूंनी पडतंय का?" असं विचारा. समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ बघून निघू नका, मागच्या वर्षीचं पाणी या वर्षीचं म्हणून फिरत असतं.

वार निवडायचा तर मधला. धबधबा सुरू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी किल्ल्यात पाण्यापेक्षा माणसंच जास्त दिसतात. नवरात्र ते कोजागिरी हा काळ आणखी एका कारणानं जपून. तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांसाठी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची वाहतूक वळवतात आणि त्याचा भार आजूबाजूच्या रस्त्यांवर येतो. त्या दिवसांत निघायचं तर वाहतुकीचे बदल आधी पेपरात बघून घ्या.

गोठा कसा गाठायचा

इथं तिकीट लावून गोठा दाखवणारे फारसे नाहीत, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे. पण म्हणून दिसला गोठा की गाडी लावून आत शिरायचं, असंही नाही. आदल्या दिवशी ओळख काढायची. तुमच्या गल्लीत दूध घालायला येणारा गवळी, ऑफिसातला गावाकडचा सहकारी, पेंडीचं दुकान, जनावरांचे डॉक्टर, यांच्यापैकी कुणाचा ना कुणाचा पाहुणा हायवेलगतच्या गावात निघतोच. "पोरांना धार काढताना बघायचंय, सकाळी आलो तर चालेल का?" एवढं फोनवर विचारलं की पुरे. नाही म्हणणारा शेतकरी विरळा.

ओळख निघालीच नाही, तर गावातल्या दूध डेअरीवर जा. डेअरी म्हणजे दूध संकलन केंद्र. सकाळी साधारण सहा ते आठ आणि संध्याकाळी त्याच सुमाराला सगळं गाव तिथं दूध घालायला येतं. मापाला बसलेल्या माणसाला नमस्कार करून आपण कोण, कुठून आलो ते आधी सांगा आणि मग विचारा. थोरल्यांना काका, मामा, अण्णा, बायकांना मावशी, आक्का. "ओ भैय्या" नको. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर बाजूला वळलात तर घराघरांतून कन्नड ऐकू येईल. मराठी बहुतेकांना येते, गोंधळून जायचं कारण नाही.

स्वतःची गाडी असेल तर सोलापुरातून सव्वापाच-साडेपाचला निघा. चौपदरी रस्ता आहे, पण पहाटे कडेला ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि दिवे नसलेल्या दुचाक्या असतात, तेव्हा घाई नको. वाटेत फुलवाडीचा टोलनाका लागतो, फास्टॅगात पैसे ठेवा. एसटीनं जाणार असाल तर क्रम उलटा करा. सोलापूर बसस्थानकावरून नळदुर्ग, उमरगा, हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्यांनी सकाळी किल्ला गाठा, आणि गोठा संध्याकाळच्या धारेला बघा. परतीची गाडी मात्र आधी विचारून ठेवा. फाट्यावर अंधारात हात करून प्रत्येक एसटी थांबेलच असं नाही.

गोठ्यात

इथल्या गोठ्यात साधारण तीन तऱ्हेची जनावरं दिसतील. काळ्या-पांढऱ्या किंवा तपकिरी संकरित गाई: एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) आणि जर्सी. लिटरच्या हिशोबात त्याच पुढं. दुसरी पंढरपुरी म्हैस. सोलापूर, सांगली, कोल्हापूर ही तिची मूळ भूमी. शिंगं तलवारीसारखी मागं गेलेली, खांद्यापर्यंत आणि काहींची त्याच्याही मागं. अंगानं आटोपशीर, कमी चाऱ्यावर, उन्हात टिकणारी, दर वर्षाला वेताची. दूध संकरित गाईपेक्षा कमी, पण फॅट दुप्पट. दुष्काळी मुलखाला शोभणारं जनावर कोणतं, असं कुणी विचारलं तर मी हिच्याकडेच बोट दाखवीन. तिसरं खिलार. पांढरं, उंच, डौलदार. ते दुधासाठी नव्हे. खिलार बैल औतासाठी आणि पळण्यासाठी. "ही गाय किती लिटर देते?" असं खिलार गाईबद्दल विचारलंत तर मालक गालात हसेल.

आता धार. बघायला जायचं ते हेच, म्हणून इथं जरा थांबतो.

आधी रेडकू किंवा वासरू सोडतात. ते कासेला ढुशी देतं, चार घोट पितं आणि म्हैस पान्हा सोडते. मग त्याला बाजूला बांधतात, कास कोमट पाण्यानं धुतात, पहिल्या दोन-चार धारा बाजूला काढतात. त्या वाया घालवत नाहीत, बघतात. दुधात गुठळी, तार दिसली तर कासेला सूज आहे, दगडी होतेय, हे तिथंच कळतं. त्यानंतर हाताचा वेग बघा. पान्हा सुटतो तो शरीरातल्या ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकामुळे, आणि त्याचा असर पाच-सात मिनिटांचाच. तेवढ्यात धार संपवायची. म्हणून काढणारा मध्ये बोलत नाही, उठत नाही, फोन घेत नाही. मशीननं काढणाराही घड्याळ तेच पाळतो.

आणि म्हणूनच पाहुण्यांनी गप्प राहायचं. जनावर बिचकलं की पान्हा चोरतं. अनोळखी आवाज, भडक छत्री, फ्लॅश, ओरडणारी पोरं यातलं काहीही पुरतं. म्हैस यात गाईपेक्षा जास्त मानी. काढायचं दूध कासेत राहिलं तर त्या वेळचं नुकसान तर आहेच, कासही बिघडू शकते. तुमच्या एका फोटोपायी मालकाचा रतीब चुकतो, असं समजा. फोटो काढायचाच असेल तर धार संपल्यावर, विचारून, फ्लॅश बंद करून. जनावराच्या मागं उभं राहायचं नाही. पुढून, खांद्याच्या बाजूनं, त्याला दिसेल असं यायचं. आणि "बाप रे, केवढं दूध!" असं तोंडावर म्हणू नका. दृष्ट लागते यावर तुमचा विश्वास नसेल, पण दावणीला बिब्बा आणि मिरची बांधणाऱ्याचा असू शकतो.

पायताणाचं एक सांभाळा. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाताना बूट धुवा, शक्यतो चुन्याच्या निवळीनं किंवा जंतुनाशकानं. लाळ्या-खुरकूत ही जनावरांची साथ बुटांच्या तळव्याला आणि कपड्यांना चिकटून गावोगाव जाते. २०२२ साली लम्पी त्वचारोगानं महाराष्ट्रभर जनावरं गेली, तेव्हापासून पाहुण्यांबाबत गोठेवाले जास्त सावध आहेत. कुणी दारातच थांबवलं तर राग मानू नका, तो माणूस आपलं काम चोख करतोय. गावात साथ असेल तर त्या दिवशी गोठा नको. घरचं शिळं अन्न, केळीची सालं, बिस्किटं जनावरांना चारू नका. चारायचंच असेल तर मालकानं हातात दिलेली कडवळाची, म्हणजे ज्वारीच्या हिरव्या चाऱ्याची, पेंढी चारा.

गव्हाणीत काय आहे ते जरूर बघा. ज्वारीचा कडबा कुट्टी करून, हिरवं कडवळ किंवा मका, बांधावरचं हत्ती गवत, मुरघास (हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा), सरकी पेंड. मोठ्या संकरित गाईला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे धबधब्याला जो पाऊस लागतो तोच गोठ्यालाही लागतो. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात सांगोला, मंगळवेढा भागातली जनावरं महिनोन्‌महिने चारा छावण्यांत होती आणि त्यांच्याबरोबर घरातली माणसंही तिथंच मुक्कामाला. गोठेवाल्याशी गप्पा मारायच्या असतील तर हा विषय काढा. लिटरच्या आकड्यांपेक्षा तो यावर जास्त बोलेल.

धारोष्ण दूध पुढं आलं तर? नम्रपणे म्हणा, "मावशी, तापवून द्या की." कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार माणसाला होऊ शकतात आणि शहरातल्या पोटाला त्याची सवयही नसते. तापवून दिलेलं मात्र नाकारू नका. घरात नुकतीच गाय-म्हैस व्यालेली असेल तर चिकाचा खरवस मिळण्याची शक्यता आहे. पैसे देऊ केलेत तर बहुतेक घेणार नाहीत. लहान पोरांसाठी वही-पेन्सिल, खाऊ, किंवा त्यांच्याकडून रोखीनं दोन लिटर दूध विकत घेणं, हे दोघांनाही सोयीचं.

डेअरीवर दहा मिनिटं

धार झाली की बादली, किटली, मोटारसायकलला अडकवलेले कॅन घेऊन सगळे डेअरीकडे निघतात. त्यांच्यामागं जा. गाईचं आणि म्हशीचं दूध वेगळं घेतात. थोडा नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचे आकडे येतात. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून दुधात उरलेले घन पदार्थ. गाईच्या दुधाचा भाव साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, म्हशीचा ६ आणि ९ धरून. त्यापेक्षा आकडा खाली गेला की भाव कापतात. पाणी घातलेलं दूध एसएनएफवर पकडलं जातं. दुधाचा पगार बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी होतो, आणि पेंडीची उधारी त्यातूनच वळती. शहरातल्या पिशवीवरची किंमत माहीत असलेल्या माणसानं भिंतीवरचा दरफलक एकदा वाचावाच. वाचून तिथं भाषण मात्र देऊ नये, लोक घाईत असतात.

न्याहारीला हायवेवर पोहे, मिसळ मिळेल, पण मी घरूनच ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे न्यायला सांगेन. डेअरीवरून ताजं दही मिळालं की धपाट्यांबरोबर दुसरं काही लागत नाही.

किल्ला आणि पाणी

नळदुर्गला नऊ-साडेनऊपर्यंत पोचा. किल्ला गावाला लागूनच आहे, प्रवेशाला तिकीट आहे. आत बरंच चालावं लागतं आणि सावली कमी, त्यामुळे टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. पावसाळा असला तरी इथलं ऊन ऊनच असतं. घसरणार नाहीत असे बूट घाला. गोठ्यातलेच असतील तर आधी धुऊन घ्या.

बोरी नदी किल्ल्याला वळसा घालते आणि पलीकडं रणमंडळ नावाचा जोडकिल्ला आहे. दोघांना जोडणारा दगडी बंधारा विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला (राज्यकाळ १५८० ते १६२७). एकाच बांधकामात तीन कामं साधलीत: पाणी अडवायचं, दोन किल्ले जोडायचे आणि बंधाऱ्याच्या पोटात महाल बसवायचा. हाच पाणी महाल. बंधारा भरला की माथ्यावरच्या दोन ठिकाणांहून पाणी खाली झेपावतं. एका धबधब्याचं नाव नर, दुसऱ्याचं मादी. पाणी या महालाच्या डोक्यावरून जातं, आणि आतल्या सज्जात उभं राहिलं तर समोर पाण्याचा पडदा असतो, पण अंगावर पाणी येत नाही. बांधणाऱ्यानं उतार आणि पन्हळी कुठं ठेवल्या ते आत शिरून नीट बघा. बहुतेक लोक सेल्फी काढून परत फिरतात आणि तो कारागिरीचा भाग राहूनच जातो. आत फारसी शिलालेखही आहे.

पाहायचा क्रम असा ठेवा. आधी दुरून, तटावरून, दोन्ही धारा एका नजरेत. मग बंधाऱ्यावर. सगळ्यात शेवटी पाणी महाल, कारण तिथल्या पायऱ्या उतरून चढल्यावर बाकीचं फिरायचा उत्साह राहत नाही. वेळ उरला तर उपळी बुरूज चढा. वरून नदीचं वळण आणि सगळा मुलूख दिसतो आणि लांबलचक तोफाही आहेत. इतिहासात रस असणाऱ्यांसाठी एक जोड: १८५३ मध्ये निजामानं हा भाग इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा कारभार बघायला आलेला इंग्रज अधिकारी मेडोज टेलर इथंच राहायचा. आज तालुकाही नसलेलं हे गाव त्या काळी जिल्ह्याचं ठिकाण होतं.

आता कडक शब्दांत एवढंच. पडत्या पाण्याखाली जायचं नाही. बंधाऱ्याच्या कठड्यावर चढायचं नाही. धारेच्या पायथ्याच्या डोहात उतरायचं नाही, कितीही शांत दिसला तरी. शेवाळलेल्या काळ्या दगडावर पाय टिकत नाही, आणि वरच्या धरणातून येणारं पाणी तुम्हाला विचारून वाढत नाही. पाण्याचा जोर आहे म्हणून पाणी महालात सोडलं नाही, तर पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका. लहान पोरांचा हात धरूनच फिरा. पाणी गढूळ लाल दिसायला लागलं किंवा आवाज बदलला, तर वरच्या अंगाला पाऊस झालाय असं समजून आधी बाहेर या.

परतताना अणदूरला थांबता येईल. तिथला खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला आणि उरलेले पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला असतो. देव एकच, देवळं दोन. पौष पौर्णिमेची यात्रा मैलारपूरला भरते, पण तेव्हा धबधब्याचं पाणी आटलेलं असतं.

धरण भरलंच नाही तर

मग नळदुर्गचा हट्ट सोडा. किल्ला कोरडाही बघण्यासारखा आहे, पण पोरांना पाण्याचं आमिष दाखवून नेलं असेल तर घरी परतेपर्यंत ऐकून घ्यावं लागेल. दुसरा पर्याय येडशीजवळचं रामलिंग. सोलापूर, तुळजापूर, धाराशिव, येडशी असा नव्वद किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. दरीत महादेवाचं देऊळ, भोवती अभयारण्य, आणि चांगल्या पावसानंतर देवळाजवळच धबधबा. जटायूनं रावणाला इथंच अडवलं, अशी तिकडची श्रद्धा आहे. माकडं भरपूर, हातात पिशवी दिसली की झडप ठरलेली. खाण्याचं सगळं गाडीतच ठेवा, नारळसुद्धा. हा रस्ता धरलात तर येडशीच्या पुढं भूम-वाशी भागात खव्याच्या भट्ट्या आहेत. म्हशीचं साधारण पाच लिटर दूध आटलं की किलोभर खवा होतो. मोठ्या कढईत उलथणं फिरवत बसलेला माणूस एकदा बघा, म्हणजे पेढ्याचा भाव जास्त वाटणार नाही. नळदुर्ग आणि रामलिंग एकाच दिवशी करू नका. होतं, पण दिवसभर गाडीच चालवायची असेल तर गोठा कशाला?

दूध घरी आणायचं तर

सकाळी घेतलेलं कच्चं दूध गाडीच्या डिकीत दुपारपर्यंत ठेवलं तर नासणार. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात तीन-चार तासही धोक्याचेच. म्हणून एक तर दूध परतीच्या वाटेवर, संध्याकाळच्या धारेचं घ्या, नाही तर बर्फाचा डबा बरोबर ठेवा. स्टीलची किटली स्वच्छ धुऊन, कोरडी करून न्या. प्लास्टिकच्या जुन्या बाटलीचा वास दुधाला लागतो. म्हशीचं आणि गाईचं एकत्र करू नका. घरी पोचल्यावर आधी दूध तापवा, मग आंघोळी. चांगलं उकळून दोन-तीन मिनिटं ढवळा, झाकण अर्धवट ठेवून गार होऊ द्या आणि मगच फ्रीजमध्ये. सकाळी साय जाड धरलेली दिसेल. ती काढून विरजणात टाका. आठवडाभर साठवली की लोणी निघतं, आणि कढवताना खाली राहिलेली बेरी साखर घालून पोरांना द्या.

सुट्टे पैसे बरोबर असू द्या. वस्तीवर मोबाइलची रेंज जाते आणि मग फोनवरून पैसे पाठवणं अडतं. गोठ्यावर काढलेले फोटो मालकाला पाठवायचे कबूल केले असतील तर त्याच रात्री पाठवा.